लवंगांचे मोसंबे

(केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



कार्यानुभवाच्या तासिकेविषयी मी आपणांपुढे चार शब्द बोलावे अशी सूचना मला करण्यात आली आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून सबंध तासिकेचा विचार न करता मी एकाच वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे लवंगा टोचून वाळविलेले फळ. युरोपातील पुष्कळ घरांत नाताळच्या दिवसांत असे फळ तांबड्या फितीने खिडकीत टांगतात, किंवा अशी पाचसहा फळे परडीत रचून मेजावर ठेवतात. इंग्लंड, जर्मनी, स्वीडन या देशांत ही चाल विशेष आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गकडे तर लवंगा, दालचिनी, जायफळ आणि चक्रीफूल यांचे बारीक तारेने गुंफलेले गुच्छ करण्याची एक स्वतंत्र कलाच आहे. तिकडे त्या दिवसांत बाहेर कडाक्याची थंडी असते, दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात, आणि घरात हा परिमळ दरवळत असतो.

मग हे परदेशी प्रकरण आमच्या शाळेत कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आलाच असेल. तो योग्य आहे. आपल्या जिल्ह्यातील अनेक शाळांत ख्रिस्ती कुटुंबांतील मुले शिकतात. नाताळ हा त्यांच्या घरचा सण आहे; तो त्यांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही. दिवाळीचा आकाशकंदील आणि गणपतीचे मखर शाळेत होते, तेव्हा वर्षातून एकदा या मुलांच्या सणाची वस्तूही सर्वांनी मिळून केली, तर ती मुले वर्गात थोडी अधिक ऐसपैस बसतात, असा माझा अनुभव आहे. ज्या गावात एकही ख्रिस्ती घर नाही तेथेही हरकत नाही. लवंगांचे फळ ही पूजेची वस्तू नव्हे, शोभेची आहे; आणि ती करताना जे शिकता येते ते कोणत्याही गावी शिकण्याजोगे आहे.

या फळाचा पूर्वेतिहास मौजेचा आहे. मध्ययुगीन युरोपात श्रीमंत माणसे सुगंधी द्रव्यांचा गोळा छिद्रे पाडलेल्या धातूच्या डबीत घालून गळ्यात किंवा कमरेला अडकवीत. त्याला फ्रेंच भाषेत ‘अंबराचे सफरचंद’ अशा अर्थाचे नाव होते. दुर्गंधीयुक्त हवेने रोग जडतात, अशी त्या काळी ठाम समजूत होती, आणि प्लेगच्या साथीत लोक असा गोळा नाकाशी धरीत. आठव्या हेन्री राजाचा मंत्री कार्डिनल वुल्झी हा गर्दीत जाताना आतला गर काढून टाकलेले संत्रे हाती घेई. त्या सालीत शिरक्यात व औषधी द्रव्यांत भिजविलेला स्पंज बसविलेला असे, असे त्याचा चरित्रकार जॉर्ज कॅव्हेंडिश याने लिहून ठेवले आहे. सुगंधाने प्लेग टळत नाही, हे आपण जाणतो. त्या रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला, तो पिसवांमार्फत पसरतो हे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ याने दाखविले, आणि मधल्या काळात, १८९६ व १८९७ साली, मुंबईने व पुण्याने त्याचे भयंकर रूप पाहिले. सातवीच्या मुलांना हे अवश्य सांगावे. चुकीच्या समजुतीतून निघालेली वस्तू शोभेची म्हणून टिकून राहते, हे त्यांना नवलाचे वाटेल.

मुलांच्या हातून फळ सजविण्याची आणखी एक चाल आहे. जर्मनीत मारिएनबोर्न येथे १७४७ साली मोरेव्हियन पंथाच्या एका धर्मगुरूने नाताळच्या प्रार्थनेत प्रत्येक मुलाला तांबडी फीत बांधलेली एक मेणबत्ती दिली. पुढे ती मेणबत्ती संत्र्यात खोचण्याची पद्धत पडली, आणि संत्रे म्हणजे पृथ्वी असा अर्थ तिला लावण्यात आला. इंग्लंडात १९६८ पासून मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने ही चाल सर्वत्र नेली. तिला ख्रिस्टिंगल म्हणतात. आपल्या वर्गात मात्र मेणबत्ती नको. कारण पुढे सांगतो.

आता फळाकडे वळू. येथे पहिलीच अडचण अशी, की आपल्याकडचे प्रसिद्ध नागपुरी संत्रे या कामाला चालत नाही. त्याची साल सैल असते, फोडींपासून सुटी असते. लवंग टोचली की ती आत पोकळीत डगमगते आणि साल चिरते. सालीने गराला घट्ट धरून ठेवलेले फळ हवे. युरोपात वापरतात ते घट्ट सालीचे गोड संत्रे, आणि आपल्या जालन्याकडचे मोसंबे हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याच जातीचे फळ आहे. म्हणजे खरी वस्तू आपल्या दारी पिकते, आणि डिसेंबरात ती आठवड्याच्या बाजारी मिळते. मोसंबे घ्यावे ते टणक, डाग नसलेले, देठाशी मऊ न पडलेले. धुतल्यास कोरडे पुसून घ्यावे. ओलसर राहिले तर बुरशीला आमंत्रणच.

लवंगांची निवड त्याहून काळजीने करावी. लवंग म्हणजे न उमललेली, वाळविलेली कळी. तिच्या टोकाशी गोल बोंडासारखा भाग असतो, तो शाबूत असलेल्या लवंगा वेचून घ्याव्यात. बाजारात कधी कधी तेल काढून घेतलेली लवंग मिळते. ती फिकी, सुरकुतलेली असते, आणि नखाने दाबली तरी तेलाचा अंश दिसत नाही. पाण्यात टाकली असता चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते, निःसत्त्व लवंग आडवी तरंगते. ही परीक्षा मुलांनीच करावी. घरी जाऊन ती मसाल्याच्या डब्यातील लवंगांची परीक्षा घेतील आणि आईला निकाल सांगतील. तो आईला आवडेलच असे नाही.

फळाला लवंगा किती लागतील? हे गणित वर्गात करण्यासारखे आहे. सात सेंटिमीटर व्यासाचे मोसंबे घेतले तर त्याचा घेर बावीस सेंटिमीटर भरतो. सुतळी गुंडाळून मोजावे आणि मग गुणाकाराने ताळा पाहावा. अर्ध्या सेंटिमीटरवर एक लवंग धरली तर एका फेऱ्याला चव्वेचाळीस. देठावरून उभे दोन फेरे एकमेकांना छेदून काढले, तर अठ्ठ्याऐंशी होत नाहीत, शहाऐंशी होतात. कारण वरची व खालची जागा दोन्ही फेऱ्यांत सामाईक आहे. ही दोन लवंगांची चूक निम्मा वर्ग करतो. ती करू द्यावी. टोचताना त्यांची त्यांनाच सापडते. दहाबारा लवंगांचे वजन साधारण एक ग्रॅम होते. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात पाचपाचांचे सहा गट केले, तर पन्नास ग्रॅम लवंग आणि सहा मोसंबी पुरतात. सगळे फळ लवंगांनी मढविण्याचा हट्ट धरू नये. त्याला कितीतरी पट लवंग लागते आणि शोभा तितक्या पटीने वाढत नाही.

येथेच मला आजची मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. हे साहित्य मुलांना घरून आणावयास सांगू नये. लवंग महाग आहे. ज्या घरात ती सणावारी दोनचार खड्यांनी विकत येते, त्या घरातील मूल आईकडे शहाऐंशी लवंगा कोणत्या तोंडाने मागणार? मी एका शाळेत (तिचे नाव सांगत नाही) हजेरीपट पाहताना पाचवीतील एका मुलाच्या नावापुढे ओळीने शनिवारची गैरहजेरी पाहिली. गुरुजी म्हणाले, शेतावर जातो. मुलाला जवळ घेऊन विचारले तेव्हा कळले, की शनिवारी हस्तकला असते, चकचकीत कागद, गोंद, मणी असे काहीबाही घरून आणावे लागते, आणि ते न आणणाऱ्यांना वेगळ्या ओळीत बसवितात. तो मुलगा शेतावर जात नव्हता. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी शाळा सुटेपर्यंत बसून राहत होता. बंधुभगिनींनो, पन्नास ग्रॅम लवंग सादिलातून घेता येत नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे मागावी. तेथेही न मिळाल्यास हा उद्योग त्या वर्षी करू नये, पण मुलांच्या घरावर तो टाकू नये. फळ गटाचे असावे, एकट्याचे नसावे. म्हणजे कोणी काय आणले हा प्रश्नच वर्गात उद्भवत नाही.

अन्नाची ही नासाडी नव्हे काय, असेही मला विचारण्यात आले आहे. ज्यांना तसे वाटते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांनी फळ मुलांना खाऊ द्यावे आणि साल ठेवून घ्यावी. सालीचे चौकोन, चांदण्या, पाने कापून, ओली असतानाच सुईने भोके पाडून, वर्तमानपत्राच्या घडीत पाटीखाली दाबून ठेवावीत, म्हणजे वाळताना मुडपत नाहीत. मग दोऱ्यात एक सालीची चांदणी, एक दालचिनीचा तुकडा, एक तमालपत्र, असे ओवून तोरण करावे. खर्च जवळजवळ शून्य, आणि सुगंध मोसंब्याहून थोडा कमी. खालच्या वर्गांसाठी दुसरी तोड कागदी लिंबाची. साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या लिंबाला अकरा सेंटिमीटरचा घेर, म्हणजे बावीस लवंगांत एक फेरा पूर्ण होतो आणि लिंबू मोसंब्याच्या मानाने लवकर वाळते.

कृती सोपी आहे, पण घाईने बिघडते. फेऱ्याची रेघ पेन्सिलीने न काढता कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने टोचावे. लवंग अंगठ्याने दाबून बसवू लागल्यास दहाव्या लवंगेला अंगठा हुळहुळू लागतो. म्हणून आधी छिद्र पाडावे. दाभण चांगले, पण लहान मुलांच्या हाती बाभळीचा काटा अधिक बरा, आणि तो फुकट मिळतो. छिद्रातून रस उडतो, तो डोळ्यांत जाणार नाही आणि हाताच्या चिरीला लागणार नाही असे पाहावे. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत. लवंगेचे तेल फार झोंबते. दोन लवंगांमध्ये थोडी जागा राखावी. फळ वाळताना आकसते आणि लवंगा आपोआप जवळ येतात. आधीच दाटीने टोचल्यास साल फाटते. एकदा हाती घेतलेले फळ त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पुरे करावे.

त्यानंतर फळ दालचिनीच्या पुडीत घोळवावे. युरोपात या पुडीत एका कंदाचे चूर्ण मिसळतात, त्याने सुगंध टिकून राहतो असे मानतात. आपल्याला त्यावाचून अडत नाही. घोळविलेले फळ कागदावर किंवा सुपात, वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवून रोज एकदा फिरवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच ठेवू नये. तीनचार आठवड्यांत ते टणक आणि हलके होते. म्हणूनच हा उद्योग डिसेंबरच्या पहिल्या दिवसांतच आरंभावा लागतो. वीस तारखेला आठवण झाली तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी.

आणि या तीनचार आठवड्यांतच खरे शिक्षण आहे. मोसंब्यात पाचांपैकी चार भागांहून अधिक पाणीच असते. गटाने आपले फळ एक दिवसाआड शाळेच्या तराजूत तोलावे, तक्ता करावा, आलेख काढावा. आरंभी वजन भराभर उतरते, पुढे उतार मंदावतो. ते का, हे मुलांनी आपल्या शब्दांत सांगावे. सहा फळांच्या शेजारी लवंग न टोचलेले एक सातवे फळ ठेवावे, आणि एक आठवे, ज्याला नुसती छिद्रे पाडली आहेत पण लवंग घातलेली नाही. लवंगेच्या तेलातील युजेनॉल नावाचे द्रव्य बुरशीला आवर घालते. पण टोचल्याने साल उघडी पडते आणि बुरशीला वाटही मिळते. तेव्हा कोणते फळ टिकेल हे आपण आधी सांगू नये. एखादे लवंगांचे फळदेखील निळसर-हिरव्या बुरशीने माखेल. ते लपवून फेकून न देता झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून मुलांना दाखवावे. मात्र त्या बरणीचे झाकण उघडू नये व तो वास कोणी घेऊ नये.

वासाविषयी थोडे विस्ताराने बोलतो. आपण मुलांचे डोळे व कान शिकवितो, हातही काही प्रमाणात शिकवितो. नाक शिकविण्याचे काम शाळेत कोणी करीत नाही. लवंग, दालचिनी, जायफळ, चक्रीफूल आणि मोसंब्याची ताजी साल अशा पाच पुड्या बांधाव्यात. मुलाचे डोळे रुमालाने बांधून त्याला एकेक पुडी ओळखावयास सांगावे. बहुतेक मुले चार ओळखतात. पण तो वास कसा आहे, असे विचारताच वर्ग गप्प होतो. “छान”, “घाण” एवढ्यावर काम भागते. वास्तविक आपल्या मराठीची या बाबतीतील श्रीमंती केवढी आहे! भाजणीचा वास खमंग, भाकरीच्या पापुद्र्याचा खरपूस, बंद खोलीचा कुबट, ताकाचा आंबूस, केवड्याचा घमघमाट, हिंगाचा दर्प, मोगऱ्याचा दरवळ. हे शब्द मुलांच्या आजीच्या तोंडी आहेत. फळ्यावर ते लिहून द्यावयाचे नाहीत. मुलांनी ते घरून मिळवून आणावेत. घरून आणावयास सांगण्याची वस्तू ही. एका चौथीतल्या मुलीने मला सांगितले, “लवंगेचा वास म्हणजे दाढ दुखण्याचा वास.” तिच्या घरी आजीच्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवीत असत. दंतवैद्यही तेच युजेनॉल वापरतात, हे त्या वेळी तिला सांगता आले.

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लॅटिनमध्ये खिळ्याला जो शब्द आहे त्यापासूनच इंग्रजीतील लवंगेचे नाव आले. जर्मन नावाचाही मूळ अर्थ लहान खिळा असाच आहे. आपल्याकडे मिरची आणि फटाका लवंगी झाले. एकाच आकाराने दोन ठिकाणी दोन गोष्टी सुचविल्या.

भूगोलासाठी हे फळ म्हणजे जगाचा नकाशाच होय. लवंगेचे मूळ घर इंडोनेशियातील मालुकू बेटे, त्यांत तेर्नाते व तिदोरे ही बेटे प्रसिद्ध. लवंगेवर मक्तेदारी गाजविण्यासाठी डचांनी तेथील अनेक बेटांवरची झाडे तोडून टाकली. १७७० साली फ्रेंच अधिकारी पिएर प्वाव्ह्र याच्या माणसांनी तेथून रोपे पळवून मॉरिशसला नेली. पुढे झांजिबार लवंगेसाठी नावाजले. आपल्या देशात कन्याकुमारीकडे ती पिकते. दालचिनीचे घर श्रीलंका; पण कोकणातही ती होते, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची तिची जात काढली आहे. मोसंब्याच्या नावाचा संबंध आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिकशी जोडला जातो. नकाशावर या ठिकाणांना सुतळी लावून ती शाळेच्या खिडकीत टांगलेल्या फळापर्यंत आणावी. मुले तो तास विसरत नाहीत.

मेणबत्तीचे कारण सांगावयाचे राहिले. मोसंब्याच्या सालीत तेलाचे बारीक कोश असतात आणि ते तेल ज्वालाग्राही आहे. साल ज्योतीजवळ धरून दुमडली, तर ठिणग्या उडतात. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः, मुलांना दूर बसवून, एकदाच करावा. वाळकी साल, कागद आणि फीत यांच्याजवळ दिवा ठेवू नये.

सजावटीचे म्हणाल तर फार काही नको. शिंप्याकडची तांबडी चिंधी फितीच्या जागी पुरते. चमकी, रंगफवारा यांनी वास मरतो. थर्माकोलच्या शोभेच्या वस्तूंवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तिचा येथे प्रश्नच येत नाही. फळे कोणाच्या आगमनासाठी राखून ठेवू नयेत. माझ्या भेटीच्या दिवशी टेबलावर शिक्षकाच्या हातची रेखीव फळे रांगेने मांडलेली असतात आणि मुले हात बांधून मागे उभी असतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. वाकडा फेरा मुलाचा आहे हे मला एका दृष्टिक्षेपात कळते, आणि सरळ फेरा कोणाचा आहे हेही कळते.

२५ तारखेच्या आधी गटांनी आपली फळे कोणाला द्यावयाची ते ठरवावे. वर्गातील ख्रिस्ती मुलाच्या घरी एक जावे, एक पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंना, एक अंगणवाडीत. सणाविषयी त्या मुलाला काही सांगावयाचे असेल तर त्यानेच सांगावे. शिक्षकाने त्याच्या वतीने बोलू नये, आणि तो गप्प राहिला तर आग्रहही करू नये. कपड्यांच्या पेटीत ठेवल्यास हे फळ पुष्कळ महिने मंद वास देत राहते. मुंग्या लागल्यास उन्हात ठेवावे.

वजनांचे तक्ते मात्र कोणाला देऊ नयेत. जानेवारीच्या परिषदेस येताना प्रत्येक शाळेने ते बरोबर आणावेत. कोकणपट्टीच्या दमट हवेतील फळ आणि घाटावरच्या कोरड्या हवेतील फळ यांचा उतार सारखा नसणार. शेजारच्या जिल्ह्यातील दोन शाळांनी त्यांचे तक्ते पाठविण्याचे कबूल केले आहे, ते शेजारी ठेवून पाहू. कुजलेल्या फळाचाही तक्ता आणावा, आणि ते कितव्या दिवशी कुजले ते त्यावर लिहिलेले असावे.